सार्वजनिक आकडेवारीतून आर्थिक गतिशीलता मोजताना: पालक-मुलाची जोड कुठून आणायची?

अनुक्रम (धागालेखक)

एखादा जिल्हा गरीब आहे की सधन, हे सांगणारी आकडेवारी आता कुणालाही फुकट उतरवून घेता येते. त्या जिल्ह्यातल्या गरीब घरात जन्मलेलं मूल पस्तिशीत कुठे पोचलं, हे सांगणारी आकडेवारी मात्र फार थोडी आहे. या दोहोंची सर्रास गल्लत होते, म्हणून हा धागा. दरडोई उत्पन्न, दारिद्र्याचं प्रमाण, साक्षरता हे पातळीचे आकडे. गतिशीलता म्हणजे समाजातली पालकांची जागा आणि मुलांची जागा यांतलं नातं. पातळी वर सरकली तरी हे नातं जसंच्या तसं राहू शकतं. सगळ्यांचं उत्पन्न दुप्पट झालं आणि तळातल्या घरांतली मुलं तळातच राहिली, असं सहज होऊ शकतं.

म्हणून कुठलीही फाइल उघडली की पहिला प्रश्न असा विचारावा: पालकाची माहिती आणि त्याच पालकाच्या प्रौढ मुलाची माहिती हिच्यात जोडता येते का? येत नसेल तर फाइल कितीही मोठी असो, तिच्यातून गतिशीलता निघत नाही.

ही जोड चार वाटांनी मिळते.

पहिली, सरकारी नोंदी. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ राज चेट्टी, नॅथॅनियल हेन्ड्रन, पॅट्रिक क्लाइन आणि इमॅन्युएल साएझ यांनी २०१४ साली केंद्रीय करविवरणपत्रांतून ४ कोटींहून जास्त मुलं त्यांच्या पालकांशी जोडली. नॉर्वे, डेन्मार्क वगैरे देशांत लोकसंख्या नोंदणीतूनच ही जोड मिळते. मूळ नोंदी आपल्याला मिळत नाहीत, पण त्यांतून काढलेले ठिकाणनिहाय तक्ते खुले असतात.

दुसरी, तीच कुटुंबं वर्षानुवर्षं पुन्हा भेटून केलेली पाहणी. मिशिगन विद्यापीठाची पीएसआयडी ही अमेरिकी कुटुंबांची पाहणी १९६८ पासून चालू आहे. ब्रिटनमध्ये १९५८ आणि १९७० साली जन्मलेल्या मुलांच्या तुकड्यांचा पाठपुरावा झाला. भारतात भारत मानव विकास सर्वेक्षण (आयएचडीएस) आहे: २००४-०५ साली ४१,५५४ कुटुंबं, २०११-१२ साली ४२,१५२, आणि पहिल्या फेरीतली सुमारे ८३ टक्के कुटुंबं दुसऱ्या फेरीत पुन्हा सापडली.

तिसरी, प्रौढ माणसाला थेट विचारणं: तुमच्या वडिलांचं शिक्षण किती, व्यवसाय काय? जागतिक बँकेचा पिढ्यांमधल्या गतिशीलतेचा डेटा सुमारे दीडशे देशांसाठी आहे, तो मुख्यतः अशा उत्तरांवर उभा आहे. म्हणूनच तो शिक्षणातली गतिशीलता सांगतो. लोकांना वडिलांची इयत्ता आठवते, उत्पन्न आठवत नाही.

चौथी, एकाच घरात राहणारे बाप-लेक. ही जोड सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवी. यावर खाली चर्चा व्हावी.

---

शतमक

चांगला धागा. मोजायचं काय, हेही इथेच ठरवून टाकू, कारण 'गतिशीलता वाढली' या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात.

जुनं माप म्हणजे लवचीकता: मुलाच्या उत्पन्नाचा लॉग (लॉगॅरिथम) आणि पालकाच्या उत्पन्नाचा लॉग यांच्यातल्या रेषेचा चढ, म्हणजे पालकाचं उत्पन्न १ टक्का जास्त असेल तर मुलाचं सरासरी किती टक्के जास्त असतं. अडचण अशी की शून्य उत्पन्नाचा लॉग निघत नाही. शून्यवाले वगळले तर नेमके बेरोजगार बाहेर जातात, आणि शून्याच्या जागी १ किंवा १,००० टाकला तर उत्तर त्या आकड्यावर अवलंबून राहतं.

म्हणून आता क्रम वापरतात. प्रत्येक मुलाला त्याच्या जन्मवर्षाच्या सगळ्या मुलांत ० ते १०० असा क्रम द्यायचा, पालकांना पालकांत द्यायचा, आणि त्यांच्यातली रेषा काढायची. १९८०-८२ साली जन्मलेल्या अमेरिकी मुलांसाठी हा चढ ०.३४१ आला, म्हणजे पालक १० पायऱ्या वर असतील तर मूल सरासरी ३.४ पायऱ्या वर. शून्य उत्पन्नवाल्या सगळ्यांना त्यांच्या गटाचा मधला क्रम द्यायचा. एकही माणूस वगळावा लागत नाही.

यात हमखास होणारी चूक: क्रम जिल्ह्याच्या आत देणं. तसं केलं की प्रत्येक जिल्ह्याची सरासरी ५० येते आणि तुलनाच संपते. क्रम देशपातळीवर द्या, सरासरी जिल्ह्यानुसार काढा.

ठिकाणांच्या तुलनेसाठी चढापेक्षा एक साधं माप बरं: पालक २५ व्या क्रमावर असतील तर मूल सरासरी कितव्या क्रमावर पोचतं? चढ कमी असण्याचं कारण गरीब मुलं वर गेली हेही असू शकतं आणि श्रीमंत मुलं खाली आली हेही. २५ व्या क्रमाचा आकडा थेट गरीब मुलांबद्दल बोलतो. 'तळाच्या पंचमांशातून वरच्या पंचमांशात' हे प्रमाण लोकांना पटकन समजतं: अमेरिकेतल्या शार्लट शहरात ४.४ टक्के, सॅन होजेमध्ये १२.९ टक्के. जन्माचा काहीच प्रभाव नसता तर ते २० असतं.

आणि हे सगळं सापेक्ष झालं. मूल आपल्या पालकांपेक्षा महागाई वजा जाता जास्त कमावतं का, हा वेगळा प्रश्न. अमेरिकेत १९४० साली जन्मलेल्यांत सुमारे ९० टक्के जणांचं उत्तर 'हो' होतं, १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत ते सुमारे ५० टक्क्यांवर आलं. चर्चेत कुणी आकडा टाकला की आधी विचारा, सापेक्ष की निरपेक्ष?

---

उंबरठा

भारतासाठी नियतकालिक श्रमशक्ती पाहणीचा (पीएलएफएस) युनिट पातळीचा, म्हणजे एकेका माणसाच्या नोंदींचा, डेटा दरवर्षी येतो, नमुना मोठा आहे, शिक्षण-उत्पन्न-व्यवसाय सगळं आहे. त्यातून बाप-लेकाच्या जोड्या काढल्या तर काय बिघडतं?

---

गणनपत्र

@उंबरठा, जोड्या निघतात, पण कुणाच्या निघतात ते बघा. पीएलएफएसमध्ये वडिलांच्या शिक्षणाचा प्रश्न नाही. 'कुटुंबप्रमुखाशी नातं' हा एकच दुवा आहे. प्रमुख १, जोडीदार २, विवाहित मूल ३, त्याचा जोडीदार ४, अविवाहित मूल ५, नातवंड ६, आणि ७ मध्ये आई, वडील, सासू, सासरे सगळे एकत्र. म्हणजे प्रमुखाच्या घरात ७ कोडचा पुरुष असेल तर तो वडील की सासरा, हे फाइल सांगत नाही. पुरुष प्रमुखाच्या बाबतीत 'वडील' धरणं बहुतेकदा बरोबर ठरेल, स्त्री प्रमुखाच्या बाबतीत ते गृहीत धरूच नये.

याहून मोठी अडचण घरात नसलेल्यांची. कामासाठी शहरात गेलेला मुलगा वडिलांच्या घराच्या यादीत नसतो. तो स्वतःच्या घराचा प्रमुख म्हणून वेगळा येतो आणि वडील गायब होतात. वर गेलेलेच बाहेर पडण्याची शक्यता जास्त, त्यामुळे उरलेल्या जोड्या मुळातच एका बाजूला झुकलेल्या. लग्न झालेल्या मुलींच्या जोड्या तर जवळपास नसतातच. पीएलएफएसमधून 'आई-वडील आणि मुलगी' असं काहीही काढलं तर ते अविवाहित, बहुतांशी तरुण मुलींबद्दलच असतं. तसं स्पष्ट लिहायला हवं.

एकत्र राहणाऱ्यांपुरत्या नमुन्यामुळे किती फरक पडतो यावर एमरान, ग्रीन आणि शिल्पी यांचं २०१८ चं काम आहे. त्यांचा निष्कर्ष कामाचा आहे: प्रतिगमनाचा (म्हणजे पालक-मुलाच्या रेषेचा) चढ जास्त बिघडतो, सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी किती घट्ट बरोबरीने चालतात ते सांगणारा आकडा) त्यामानाने कमी. तेव्हा अशा जोड्यांवर काम करणं भागच असेल तर सहसंबंधही द्या आणि भर त्यावर ठेवा.

दुसरा उपाय वयाची चौकट आखडणं. ॲशर, नोवोसाद आणि रॅफकिन यांनी २०१२ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेतून स्थानिक आकडे काढताना २० ते २३ वयाचे मुलगेच घेतले, कारण त्या वयात बहुसंख्य अजून घरीच असतात आणि शिक्षण जवळपास पूर्ण झालेलं असतं. उत्पन्नासाठी ही युक्ती चालत नाही. बाविसाव्या वर्षीचं उत्पन्न पुढच्या आयुष्याबद्दल फारच कमी सांगतं.

---

उंबरठा

समजलं. मग वार्षिक फाइल वापरताना भार (नमुन्यातला एक माणूस किती जणांच्या वतीने मोजायचा तो आकडा) कसा द्यायचा? पाहावं तिथे वेगळं सूत्र आहे.

---

गणनपत्र

फाइलीसोबत येणारं वाचा-आधी टिपण पाळा, इंटरनेटवरचं सूत्र नाही. बरीच वर्षं चालत आलेल्या रचनेत असं होतं: एनएसएस आणि एनएससी हे स्तंभ सारखे असतील तर मल्टिप्लायर (भाराचा स्तंभ) भागिले १००, वेगळे असतील तर भागिले २००, आणि अनेक तिमाह्या एकत्र करताना वर तिमाह्यांच्या संख्येने भागायचं. जानेवारी २०२५ पासून पाहणीची रचनाच बदलली (मासिक अंदाज सुरू झाले, ग्रामीण भागातही तीच घरं पुन्हा भेटली जाऊ लागली), त्यामुळे जुनं सूत्र डोळे मिटून चिकटवू नका. जुन्या रचनेत वार्षिक अंदाजासाठी पहिल्या भेटीची फाइल घ्यायची. पुनर्भेटीची फाइल जोडली तर शहरी घरं अनेकदा मोजली जायची.

पडताळा असा: छापील अहवालातलं एखादं प्रमाण, समजा १५ वर्षांवरील ग्रामीण स्त्रियांचा श्रमशक्ती सहभाग, दशांशापर्यंत जुळेस्तोवर पुढे जाऊ नका. एकूण लोकसंख्येशी जुळवत बसू नका, ती अशा पाहण्यांत अंदाजित लोकसंख्येपेक्षा कमीच निघते. प्रमाणं जुळली पाहिजेत.

उत्पन्नाचे तीन प्रश्नही तीन मापांत आहेत. पगारदाराचं मागच्या महिन्याचं, स्वयंरोजगाराचं मागच्या ३० दिवसांचं, रोजंदाराचं त्या आठवड्यातल्या एकेका दिवसाचं. रोजंदाराच्या सात दिवसांच्या बेरजेला ३० भागिले ७ ने गुणून महिना करतात. यात काम न मिळालेले दिवस शून्य म्हणून आले पाहिजेत. ते 'माहिती नाही' म्हणून गळले तर रोजंदार अचानक सुस्थितीत दिसू लागतो.

---

तळटीप

वडिलांच्या शिक्षणावरून क्रम लावताना एक खड्डा आहे, तो सांगून ठेवते. भारतातल्या जुन्या पिढीत वडिलांच्या शिक्षणाचे गट फार जाड आहेत. १९५० च्या दशकात जन्मलेल्यांच्या वडिलांपैकी सुमारे ६० टक्के सगळ्यात खालच्या गटात. त्या सगळ्यांना मधला क्रम द्यायचा तर ३० येतो. त्यानंतरच्या गटात १५ टक्के असतील तर त्यांचा क्रम ६७.५. म्हणजे '२५ व्या क्रमावरचे वडील' असं कुणी फाइलीत वेगळं दिसतच नाही, तळाचा पंचमांश तर दूरच. पुढच्या पिढीत हाच गट ३० टक्क्यांवर आला की त्याचा क्रम १५ होतो. तेव्हा 'निरक्षर वडिलांची मुलं' असा गट दोन्ही काळांत धरून तुलना केली, तर आपण एकदा सुमारे ६० टक्के समाजाची आणि एकदा फक्त तळाची गोष्ट करत असतो.

@गणनपत्र यांनी उल्लेख केलेल्या ॲशर, नोवोसाद आणि रॅफकिन यांनीच यावर तोडगा काढला: तळाच्या निम्म्या पालकांची मुलं सरासरी कुठे पोचतात हे माप घ्यायचं, आणि नेमका आकडा न सांगता खालची-वरची मर्यादा सांगायची. तळाच्या पंचमांशासाठी ही मर्यादा निरुपयोगी इतकी रुंद निघते, तळाच्या निम्म्यासाठी मात्र अरुंद. त्यांना दिसलं ते असं की १९५० ते १९८० च्या दशकांत जन्मलेल्या मुलग्यांत एकूण गतिशीलता फारशी हलली नाही. पण त्या सपाट सरासरीखाली अनुसूचित जाती-जमातींची वाढली आणि मुस्लिमांची घटली. एकच राष्ट्रीय आकडा काढून थांबलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं.

---

वायव्य

उत्पन्न मिळालं तर प्रश्न सुटतो असंही नाही. एका वर्षाचं उत्पन्न हे कायमच्या उत्पन्नाचं डळमळीत माप आहे, आणि त्या डळमळीमुळे चढ शून्याकडे ओढला जातो. कायमच्या उत्पन्नाचं विचरण (आकड्यांच्या पसाऱ्याचं माप) आणि वर्षागणिक हेलकाव्याचं विचरण सारखं धरा. एक वर्ष घेतलं तर मोजलेला चढ खऱ्याच्या निम्मा येतो. पाच वर्षांची सरासरी घेतली तर खऱ्याच्या ५/६, म्हणजे ८३ टक्के. प्रत्यक्षात वाईट वर्षामागून वाईट वर्ष येतं, त्यामुळे सुधारणा याहून सावकाश होते.

हा केवळ तात्त्विक मुद्दा नाही. अमेरिकेत एका वर्षाच्या उत्पन्नावर लवचीकता ०.२ च्या आसपास मोजली जात होती आणि 'हा देश फार गतिशील आहे' असं म्हटलं जात होतं. गॅरी सोलॉन यांनी १९९२ साली अनेक वर्षांची सरासरी घेतल्यावर ती ०.४ च्या पुढे गेली. भास्कर मजुमदार यांनी २००५ साली आणखी लांब काळ घेतल्यावर ०.६ च्या आसपास.

वयाचंही तेच. विशी-पंचविशीत पुढे डॉक्टर होणारा अजून शिकतोय आणि कारखान्यात लागलेला कमावतोय. त्या वयात मोजलं तर गतिशीलता खोटीच जास्त दिसते. मुलांचा क्रम तिशीनंतर बराच स्थिरावतो. पालकांसाठी चाळिशीच्या आसपासची वर्षं धरावीत. पाहणीत हे वय सापडत नसेल तर निदान सगळ्या ठिकाणी एकच वयोगट ठेवा, म्हणजे चूक सगळीकडे साधारण सारखी राहील.

---

उंबरठा

ठिकाणनिहाय नकाशे बनवायचे असतील तर? आयएचडीएसचे जिल्हावार आकडे काढून रंग भरले तर चालेल का?

---

शतमक

नाही. हिशोब करून बघा. एका जिल्ह्यात तळाच्या पंचमांशातली ५० मुलं सापडली, त्यांपैकी ५ वरच्या पंचमांशात पोचली. प्रमाण १० टक्के. प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे आकडा किती इकडे-तिकडे होऊ शकतो ते) म्हणजे ०.१ गुणिले ०.९ भागिले ५०, त्याचं वर्गमूळ: ४.२ टक्के बिंदू. ९५ टक्के खात्रीचा पट्टा साधारण २ ते १८. शेजारच्या जिल्ह्यात ५ ऐवजी ७ मुलं निघाली की नकाशावर रंग बदलेल, आणि त्याला काहीही अर्थ नसेल. त्रुटी १ बिंदूवर आणायला ९०० मुलं लागतात. शिवाय पाहणीत घरं गावागावातून पुंजक्यांनी निवडलेली असतात, त्यामुळे खरी त्रुटी याहून मोठी. आयएचडीएस राष्ट्रीय चित्रासाठी आणि मोठ्या सामाजिक गटांसाठी उत्तम, जिल्ह्यासाठी नाही.

छोट्या ठिकाणांचे आकडे दाखवायचेच असतील तर ते एकूण सरासरीकडे ओढून दाखवा. भार असा: ठिकाणाठिकाणांतलं खरं विचरण भागिले (खरं विचरण अधिक त्या ठिकाणाच्या त्रुटीचा वर्ग). समजा एकूण सरासरी क्रम ४०, ठिकाणांतलं प्रमाण विचलन (विचरणाचं वर्गमूळ) ५. एका ठिकाणी आकडा ५२ आला आणि त्रुटीही ५ असेल, तर भार निम्मा, दाखवायचा आकडा ४६. त्रुटी २ असेल तर भार २५/२९, आकडा ५०.३. हे न करता 'पहिले दहा, शेवटचे दहा' अशी यादी केली तर दोन्ही टोकांना लहान ठिकाणंच गोळा होतात. ती चांगली किंवा वाईट असतात म्हणून नव्हे, त्यांचे आकडे जास्त उसळतात म्हणून.

---

अनुक्रम

याच कारणाने अमेरिकेचा 'ऑपॉर्च्युनिटी ॲटलस' हा ठिकाणनिहाय गतिशीलतेचा नकाशा शिकण्यासाठी चांगला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये खुला झाला, १९७८ ते १९८३ मध्ये जन्मलेली सुमारे २ कोटी ५ लाख मुलं, आणि सरासरी सव्वाचार हजार लोकवस्तीच्या जनगणना-मुलुखापर्यंत (सेन्सस ट्रॅक्ट, जनगणनेसाठी आखलेला छोटा भाग) आकडे. पद्धत हात बसेपर्यंत तिथे सराव करावा. काही खाचाखोचा:

मूल जिथे वाढलं त्या ठिकाणाच्या खात्यावर मोजलंय, आता जिथे राहतं तिथे नाही. बालपणी दोन-तीन ठिकाणी राहिलं असेल तर त्या-त्या वर्षांच्या प्रमाणात वाटलंय. त्यामुळे एखाद्या भागात आज श्रीमंत लोक राहायला आले म्हणून त्याचा आकडा वाढत नाही. हे फार मोठं बळ आहे. पण याचाच अर्थ असा की आकडे १९८० आणि ९० च्या दशकांतल्या त्या भागाबद्दल आहेत.

गोपनीयतेसाठी आकड्यांत मुद्दाम थोडी यादृच्छिक भर घातली आहे आणि फार कमी मुलं असलेले मुलुख वगळले आहेत. प्रमाण त्रुटीचा स्तंभ सोबत असतो, तोही उतरवून घ्या.

सीमा २०१० च्या जनगणनेच्या आहेत. अमेरिकी सामुदायिक पाहणीचे (तिथल्या जनगणना खात्याची नियमित पाहणी) पाच वर्षांचे तक्ते २०१५-१९ पर्यंत त्याच सीमांवर, २०१६-२० पासून २०२० च्या सीमांवर. नवे तक्ते थेट जोडले तर बरेच मुलुख जुळत नाहीत, आणि जे क्रमांक जुळतात त्यांतल्या काहींची सीमा बदललेली असते. ते जास्त धोकादायक, कारण चूक दिसत नाही. २०२२ पासून कनेक्टिकटच्या ८ काउंट्यांच्या जागी ९ नियोजन-प्रदेश आलेत, तिथे काउंटी कोडच बदलतात. त्या पाहणीत छापलेली 'त्रुटीची मर्यादा' ९० टक्क्यांची असते. प्रमाण त्रुटी हवी तर १.६४५ ने भागा.

मुलुखाचा क्रमांक ११ अंकी, राज्याचे २, काउंटीचे ३, मुलुखाचे ६. एक्सेलमध्ये उघडला की कॅलिफोर्नियाच्या ०६ मधलं शून्य उडतं. हा स्तंभ नेहमी मजकूर म्हणून वाचा.

---

गणनपत्र

भारतात हाच त्रास जिल्ह्यांचा. २०११ च्या जनगणनेत ६४० जिल्हे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची चौथी फेरी (एनएफएचएस-४) त्याच ६४० वर, एनएफएचएस-५ मध्ये ७०७. ऑगस्ट २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर निघाला. तेलंगणात १० चे २०१६ साली ३१ आणि २०१९ साली ३३ झाले. एप्रिल २०२२ मध्ये आंध्रात १३ चे २६. नावावरून जोडणी करू नका. 'ठाणे' दोन्हीकडे जुळेल, पण ते आता वेगळं ठाणे आहे.

पक्की रीत म्हणजे मागे जाणं: नवे जिल्हे त्यांच्या २०११ च्या मूळ जिल्ह्यात परत मिसळा. नवा जिल्हा एकाच जिल्ह्यातून निघाला असेल तर सोपं. दोन-तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून झाला असेल तर ते सगळे मूळ जिल्हे आणि त्यांतून निघालेले सगळे नवे जिल्हे मिळून एकच मोठा गट करा. तपशील जातो, पण तुलना खरी राहते. मिसळताना टक्केवारीची साधी सरासरी काढू नका, अंश आणि छेद वेगळे बेरीज करून मग भागा.

गाव-शहर पातळीवर जायचं असेल तर 'श्रग' नावाचा खुला संच आहे. १९९१, २००१, २०११ च्या जनगणना आणि १९९० ते २०१३ च्या आर्थिक गणना पाच लाखांवर गावं आणि काही हजार शहरांसाठी एकाच कायम क्रमांकावर जोडून ठेवल्यात. पण धाग्याच्या सुरुवातीचा प्रश्न इथेही लागू: त्यातले बहुतेक स्तंभ पातळीचे आहेत. गावातले रोजगार वाढले, रात्रीचे दिवे वाढले, यावरून गावातल्या मुलांचं काय झालं ते कळत नाही.

---

वायव्य

मोजण्याचं झालं, आता परिस्थिती सुधारायची कशी याकडे येऊ. ठिकाणाचा आकडा चांगला म्हणजे ठिकाणामुळे चांगला, असं होत नाही. चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात चांगल्या ठिकाणांशी पाच गोष्टी जुळलेल्या दिसल्या: कमी वस्ती-विभाजन, कमी विषमता, बऱ्या शाळा, घट्ट सामाजिक नाती, कुटुंबाची स्थिरता. यातली कुठली कारण आणि कुठली नुसती सोबतीण, हे सहसंबंधातून कळत नाही.

कारण शोधायचं तर चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग हवा. अमेरिकेत १९९४ ते १९९८ मध्ये पाच शहरांत सुमारे ४,६०० कुटुंबांवर असा प्रयोग झाला. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठीच वापरता येईल असं घरभाड्याचं सहाय्य मिळालं. मोठ्यांच्या कमाईत फरक पडला नाही आणि प्रयोग बराच काळ त्या बाबतीत फसलेला मानला गेला. नंतर हीच कुटुंबं करनोंदींशी जोडली गेली तेव्हा दिसलं की जाताना १३ वर्षांखाली असलेल्या, आणि प्रत्यक्षात गेलेल्या, मुलांचं उत्पन्न पंचविशीच्या आसपास ३१ टक्के जास्त होतं. १३ वर्षांवरच्यांना फायदा नाही, थोडं नुकसानच. लाखो स्थलांतरित कुटुंबांच्या नोंदींतूनही तेच: चांगल्या भागात बालपणाचं प्रत्येक वर्ष तिथल्या मूळच्या मुलांशी असलेलं साधारण ४ टक्के अंतर भरून काढतं.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की प्रयोगात काही नवं घडलं नव्हतं. जुन्या यादीला दुसऱ्या खात्याची नोंद जोडली, मुलं मोठी होईस्तोवर थांबलं, आणि निष्कर्ष उलटला. लाभार्थ्यांच्या याद्या ठेवणाऱ्या कुणीही, जिथे कायदा परवानगी देतो तिथे, पुढे जोडता येईल असा क्रमांक जपून ठेवावा.

---

उंबरठा

पण तीस वर्षं थांबून कुणी धोरण आखणार नाही. आजच्या मुलांसाठी काय बघायचं?

---

तळटीप

मधले टप्पे. गतिशीलतेचा आकडा उशिरा येतो, पण वाट कुठे तुटते ते आधी दिसतं, फक्त तेही गरीब घरांपुरतं वेगळं काढावं लागतं. राष्ट्रीय नमुना पाहणीची शिक्षणावरची ७५ वी फेरी (२०१७-१८) घ्या, घराच्या दरडोई खर्चाचे पाच भाग करा, आणि प्रत्येक भागासाठी १४-१५, १६-१७, १८-२० अशा वयांत शिकत असलेल्यांचं प्रमाण मुलगा-मुलगी वेगळं मांडा. तळाच्या भागाची रेषा कुठे कोसळते ते दिसेल. तिथे हात घालायचा.

शाळांच्या यू-डायस या सरकारी नोंदसंचात आठवीतून नववीत जाण्याचं प्रमाण जिल्हावार मिळतं. पण २०२२-२३ पासून नोंद शाळेच्या बेरजेऐवजी विद्यार्थीनिहाय झाली. पटसंख्या त्या वर्षी खाली आलेली दिसते, त्यात मोजण्याच्या बदलाचा वाटा आहे. २०२१-२२ आणि २०२२-२३ एका रेषेने जोडू नका, दोन तुकडे वेगळे काढा. तसंच खर्चाच्या पाहणीचं: २०२२-२३ ची पद्धत २०११-१२ पेक्षा वेगळी आहे, 'इतका खर्च वाढला' असं थेट म्हणता येत नाही.

महाविद्यालयांसाठी एक माप मला आवडतं: तळाच्या पंचमांशातून आलेल्या विद्यार्थ्यांचं प्रमाण गुणिले त्यांतले किती वरच्या पंचमांशात पोचले. १० टक्के गरीब विद्यार्थी घेऊन ४० टक्के वर पोचवणारी संस्था ४ गुण, ३ टक्के घेऊन ६० टक्के पोचवणारी १.८. फक्त 'किती पोचले' बघितलं तर दुसरी संस्था वरचढ दिसते. मुळात आत कुणाला घेतलं, हे त्यात दडून जातं.

---

उंबरठा

शेवटचं विचारतो. एखाद्या संस्थेला दोन तालुक्यांत स्वतःची पाहणी करायची असेल तर कमीत कमी काय लागेल?

---

शतमक

नमुना आधी. क्रमाचं प्रमाण विचलन एका गटात साधारण २७ धरा. दोन ठिकाणांत ५ क्रमांचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक ठिकाणी सुमारे ४६० माणसं लागतात, तीही तळाच्या निम्म्या घरांतून आलेली. गावं निवडून मग घरं निवडणार असाल तर दीडपट: ६९०. सरसकट लोकांना विचारणार असाल तर त्यातले निम्मेच तळाच्या निम्म्यातले, म्हणजे प्रत्येक ठिकाणी १,४०० च्या आसपास. एवढं जमणार नसेल तर तालुक्यांची तुलना सोडा आणि दोन्ही मिळून एकच आकडा द्या.

---

अनुक्रम

आणि प्रश्नावलीत चार प्रश्न. ३० ते ४५ वयाच्या प्रत्येकाला, घरात वडील राहत असोत वा नसोत: वडिलांनी पूर्ण केलेली इयत्ता, आईने पूर्ण केलेली इयत्ता, तुम्ही १४ वर्षांचे होता तेव्हा घरात मुख्य कमावणाऱ्याचं काम काय होतं, आणि तेव्हा कुठल्या गावात किंवा शहरात राहत होता. '१४ वर्षांचे असताना' हे शब्द गाळू नका. युरोपीय सामाजिक पाहणीत आणि ब्रिटनच्या श्रमशक्ती पाहणीतही हेच वय धरतात. नुसतं 'वडील काय करायचे' विचारलं तर कुणी निवृत्तीआधीचं काम सांगतो, कुणी तरुणपणचं. 'शेती' एवढंच उत्तर आलं तर स्वतःची की दुसऱ्याची, हे लगेच विचारून वेगळा कोड द्या. या एका उत्तरात जमीनमालक आणि शेतमजूर एकत्र आले की नंतर कुठल्याही गणिताने ते सुटे करता येत नाहीत. विवाहित स्त्रियांना त्यांच्या माहेरच्या आई-वडिलांबद्दल विचारायचं, सासरच्या नाही, आणि हे प्रश्नावलीच्या ओळीतच छापायचं, पाहणी करणाऱ्याच्या स्मरणावर सोडायचं नाही.